आयत्या वेळचे भाषण आणि त्यामागची तयारी

महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धांमध्ये ‘आयत्या वेळचे भाषण’ असा एक प्रकार असतो. स्पर्धकाने चिठ्ठी उचलायची, तिच्यातला विषय वाचायचा, दोन-चार मिनिटे विचार करायचा आणि व्यासपीठावर उभे राहायचे. कोल्हापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत अशा स्पर्धांना विद्यार्थी घेऊन जाण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. पाठ करून म्हणायच्या भाषणात आमच्या वस्त्यांतून आलेली मुले कुणाला हार जात नाहीत. रात्र रात्र जागून ती भाषण घोटतात. चिठ्ठीच्या फेरीत मात्र तीच मुले तिसऱ्या वाक्याला अडतात. मग समारोप करताना परीक्षकांपैकी कुणीतरी म्हणतो की, उत्स्फूर्तता ही उपजत असते, ती शिकवून येत नाही.

हा ‘उपजत’ शब्द आपल्या समाजाने फार ऐकला आहे. विद्या उपजत, शौर्य उपजत, स्वच्छताही उपजत. आणि ज्याला या गोष्टी मिळू दिल्या नाहीत त्याचे त्यांच्यावाचून असणेही उपजतच! इतिहासाच्या शिक्षकाने हा शब्द तपासल्याशिवाय सोडू नये. आयत्या वेळी, हाताशी कागद नसताना, चारचौघांत नेमके बोलणे ही गोष्ट आपल्याकडे कुठे वाढली, कुणी वाढवली आणि कुणाच्या तोंडून काढून घेतली गेली याचा शोध घेतला, तर परीक्षकांचे म्हणणे टिकत नाही असे माझे मत आहे.

गावगाड्यात महाराला आवाज होता, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. दवंडी त्यानेच द्यायची. मयताचा सांगावा परगावी त्यानेच न्यायचा. दोन गावांच्या शिवेचा तंटा निघाला तर शीव कुठून जाते हे सांगण्याचे कामही त्याचेच, आणि त्याची साक्ष मानली जाई. जमिनीच्या वादात ज्याच्या शब्दाला वजन, त्याची स्मरणशक्ती, त्याचा धीटपणा, लोकांसमोर ठामपणे सांगण्याची त्याची ताकद गावाला पुरती ठाऊक असणार. पण हा आवाज दुसऱ्याच्या कामाचा होता. दवंडीतला मजकूर पाटलाचा, सांगावा मालकाच्या घरचा, शीव गावाची. तोच माणूस स्वतःचे गाऱ्हाणे घेऊन चावडीपुढे आला की, त्याने लांब उभे राहायचे, ‘जोहार मायबाप’ म्हणायचे आणि विचारले तेवढेच सांगायचे. बोलता येत होते. स्वतःविषयी बोलण्याची जागा नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आजही आपण त्यांची गल्लत करतो.

आयत्या वेळच्या बोलण्याचे खरे शिक्षण आपल्या माणसांनी एका बदनाम शाळेत घेतले. ती शाळा म्हणजे तमाशाचा फड. तासगाव तालुक्यातल्या सावळजच्या उमा-बाबूंनी १८६५ मध्ये रचलेला ‘मोहना बटाव’ हा तमाशातला पहिला वग मानला जातो. पुढच्या शतकात त्याच मुलुखातल्या कवलापूरच्या काळू-बाळूंनी महाराष्ट्राला हसवले. विद्यापीठीय मंडळी तमाशाकडे पाहतात ती लावणी आणि शृंगार यांच्या अंगाने. मला महत्त्वाची वाटते ती बतावणी. वगातली पदे बांधलेली असत, पण संवाद लिहिलेले नसत. सरदार कथेचा धागा सांगून टाकी, आणि बोर्डावर उभे राहिल्यावर सोंगाड्या व इतर मंडळी आपापल्या तोंडाने संवाद उभे करीत. आज या गावी, उद्या दुसऱ्या गावी. वग तोच, बोलणे वेगळे. समोरचा प्रेक्षक मधेच काही ओरडला तर त्यालाही त्याच श्वासात उत्तर द्यायचे. कलगी-तुऱ्याच्या भेदिक फडात तर प्रतिपक्षाने टाकलेल्या कोड्याचा उलगडा तिथल्या तिथे करावा लागे, नाहीतर रात्र समोरच्याची झाली.

हे जमायचे कसे? चमत्काराने नव्हे. सोंगाड्याकडे म्हणी, उखाणे, पुराणकथा, बाजारातले अनुभव, गावोगावच्या माणसांच्या लकबी यांचा मोठा साठा असे. लहानपणी झीलकऱ्यांमध्ये उभे राहून तो वर्षानुवर्षे ऐकत आलेला असे. दुसरे म्हणजे तो ऐकत असे. समोरच्या नटाच्या वाक्याचा शेवटचा शब्द पकडून त्यातूनच आपले वाक्य काढायचे, ही त्याची युक्ती. आपले पुढचे वाक्य मनात जुळवत बसणारा माणूस समोरचे वाक्य ऐकत नाही, आणि म्हणून अडतो. आमच्या स्पर्धकांचे नेमके हेच होते.

तमाशाचे कौतुक करताना डोळे झाकून चालणार नाही. रात्री पाटलाची टर उडवणारा सोंगाड्या सकाळी त्याच पाटलाच्या दारात भाकरीसाठी लांब उभा राही. त्याचे बोलणे हसण्यावारी नेता येत होते म्हणूनच ते खपवून घेतले जाई. विनोदाची ही सवलत म्हणजे हक्क नव्हे. या कलेला हक्काच्या दिशेने वळवले ते जलशांनी. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारांचे जलसे निघाले, आणि पुढे १९३० नंतरच्या काळात भीमराव कर्डकांसारख्या मंडळींनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. कर्डकांनी १९७८ मध्ये या जलशांवर पुस्तकच लिहिले, ते तरुणांनी मिळवून वाचावे. बतावणीचा साचा तोच राहिला, फक्त प्रश्न कुणी कुणाला विचारायचा हे बदलले.

पण जलसा झाला तरी तो खेळ. सभेत उभे राहून ‘माझे म्हणणे असे आहे’ असे सांगणे ही पुढची पायरी. तिच्यासाठी नुसता धीर पुरत नाही, व्यासपीठ लागते, आणि ऐकून घेणारे लागतात. इथे कोल्हापूरचा इतिहास आपल्या कामी येतो. राजर्षी शाहू महाराजांविषयी बोलताना आपण १९०२ च्या राखीव जागांचा हुकूम सांगतो, वसतिगृहे सांगतो, १९१८ साली महार वतने रद्द केल्याचे सांगतो. ते सांगायलाच हवे. परंतु या सर्व कारभारात अस्पृश्यांच्या तोंडाला कुलूप घालणाऱ्या एकेका गोष्टीवर घाव आहे, हे सहसा कुणी मांडत नाही. वतन गेले म्हणजे दवंडीची सक्ती गेली. पागेतल्या नोकरीत पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळ्यांना महाराजांनी चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेतला, सोबतच्यांनाही घ्यायला लावला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. हॉटेल म्हणजे बसण्याची जागा, आणि बसण्याची जागा म्हणजे बोलण्याची जागा. अस्पृश्य मालकाच्या बाकड्यावर बसून गप्पा ऐकण्याची वेळ दरबारी माणसांवर आली, हा त्या चहाचा दुसरा अर्थ मी घेतो.

याहून मोठी गोष्ट वकिलीच्या सनदांची. महाराजांनी काही अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. वकिलीला तोंड लागते. न्यायाधीश मधेच प्रश्न विचारतो, समोरचा वकील हरकत घेतो, साक्षीदार फिरतो. लिहून नेलेले भाषण तिथे कामाला येत नाही. ज्याने चावडीपुढे विचारल्याखेरीज बोलायचे नव्हते, त्याच्या मुलाला महाराजांनी अशा जागी उभे केले की जिथे न बोलणे हाच कामचुकारपणा. शाळेतला धडा देऊन झाले नसते ते या एका हुकुमाने साधले.

आणि मग माणगाव. २१ व २२ मार्च १९२० रोजी करवीर संस्थानातल्या या खेड्यात दक्षिण महाराष्ट्रातील बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर. ‘मूकनायक’ निघून दोन महिनेही झाले नव्हते. पत्राचे नावच पाहा, मुक्यांचा नायक! महाराज शिकारीवरून मुद्दाम आले, तसे त्यांनी भाषणात सांगितलेही, आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे अशा आशयाचे उद्‌गार त्यांनी काढले. एका राजाने सिंहासनावरून उठून दुसऱ्याचे भाषण ऐकायला खेड्यात यावे, हा प्रसंग भाषणाच्या इतिहासात ऐकणाऱ्याच्या बाजूने नोंदवला गेला पाहिजे. वक्ता घडतो तेव्हा श्रोताही घडावा लागतो.

बाबासाहेबांच्या वक्तृत्वाविषयी आपल्याकडे पुष्कळ भावनेने लिहिले जाते आणि फार थोडे अभ्यासाने. सिंहगर्जना, वाणीचे तेज असे शब्द वापरले की काम संपते. मला वाटते, याने आपण परीक्षकांच्याच बाजूला जाऊन बसतो. कारण तेज उपजत असते. त्यांच्या आयुष्याचा क्रम पाहा. १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे साक्ष. सिडनहॅम कॉलेजात अध्यापन. १९२३ पासून मुंबईच्या हायकोर्टात वकिली. १९२७ पासून मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावरची भाषणे. २३ ऑक्टोबर १९२८ ला पुण्यात सायमन कमिशनपुढे साक्ष, पुढे गोलमेज परिषद. यातली बहुतेक ठिकाणे अशी आहेत की, जिथे समोरचा माणूस उलटा प्रश्न विचारतो. शिवेची साक्ष देणाऱ्या पूर्वजांचा वंशज आता मतदानाच्या हक्कासाठी साक्ष देत होता, एवढाच फरक नव्हे. आता प्रश्नाची दिशा तो स्वतः ठरवत होता.

महाडचा प्रसंगही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २० मार्च १९२७ ला परिषद समारोपाला आली असताना अनंतराव चित्रे उठले आणि आपण सर्वांनी आताच चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावे असे त्यांनी सुचवले. मंडपातले लोक उठले आणि निघाले. चित्रे अस्पृश्य नव्हते. आपल्या चळवळीच्या एका निर्णायक क्षणी बोलणारा माणूस बाहेरच्या जातीचा होता, हे सांगायला आपण कचरू नये. पण ते चार शब्द कामी आले याचे कारण मंडप तयार होता. कौन्सिलातला बोले यांचा १९२३ चा ठराव होता, महाड नगरपालिकेचा तळे खुले केल्याचा ठराव होता, दोन दिवस लोकांनी भाषणे ऐकली होती. कोरड्या गवतावर ठिणगी पडली असे आपण म्हणतो. गवत कुणी वाळवले हे विचारत नाही.

आता ज्या भाषणासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. १७ डिसेंबर १९४६. दिल्लीत घटना समितीची बैठक. १३ तारखेला पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला होता. मुस्लिम लीगचे सभासद आले नव्हते, आणि त्यांची वाट पाहून ठराव पुढे ढकलावा अशी दुरुस्ती बॅ. मुकुंदराव जयकरांनी मांडली होती. सभागृह जयकरांवर नाराज होते. त्या वर्षीच्या निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा दारुण पराभव झाला होता. बाबासाहेब मुंबईतून येऊ शकले नव्हते, जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालमधल्या सहकाऱ्यांच्या बळावर निवडून आले होते. काँग्रेसशी वीस वर्षांचे वैर. अशा सभागृहात अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अचानक त्यांचे नाव पुकारले.

बाबासाहेबांनी उभे राहून पहिल्यांदा सांगितले ते हेच की, हे बोलावणे अनपेक्षित आहे. आपल्या आधी वीस-बावीस नावे असल्याने पाळी आलीच तर उद्या येईल अशी आपली कल्पना होती. आज आपण कसलीही तयारी करून आलेलो नाही. शिवाय वेळ दहा मिनिटांचा. चिठ्ठी उचलणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे भाषण मुळातून वाचायला लावतो. त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. आधी त्यांनी ठरावाचे दोन भाग केले, वादाचा आणि बिनवादाचा. बिनवादाच्या भागावर त्यांनी घाव घातला: हक्क सांगितले आहेत, पण हक्क मोडले तर दाद कुठे मागायची ते नाही, समाजवादी म्हणवणाऱ्या नेहरूंच्या ठरावात उद्योगांच्या आणि जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा उल्लेख नाही. मग वादाच्या भागाकडे वळून त्यांनी सभागृहाला चकित केले. आज आपण एकमेकांशी झुंजणाऱ्या छावण्यांत विभागलो आहोत, आणि अशा एका छावणीचा पुढारी कदाचित मीही आहे, असे त्यांनी मान्य केले. तरीही काळ आणि परिस्थिती लाभली तर हा देश एक झाल्यावाचून राहणार नाही, अशी खात्री दिली. १९३५ च्या कायद्यापेक्षाही बळकट केंद्र हवे असे ते म्हणाले. आणि जयकरांच्या बाजूने मुद्दा मांडला तो असा की, ठराव करण्याचा हक्क आहे का हा प्रश्नच नाही. आज तो करणे शहाणपणाचे आहे का, हा आहे. बळाने प्रश्न सोडवू पाहणाऱ्यांना त्यांनी बर्कची आठवण दिली. ज्या सभागृहात त्यांना विरोध अपेक्षित होता त्याने टाळ्यांनी दाद दिली. ठरावावरचा निर्णय जानेवारीपर्यंत लांबला आणि २२ जानेवारी १९४७ ला तो संमत झाला.

‘कसलीही तयारी नाही’ हे त्यांचे वाक्य शब्दशः खरे होते. त्या दिवसाची तयारी नव्हती. पण हक्क आणि त्यांवरची दाद, जमिनीचे राष्ट्रीयीकरण या मुद्द्यांवर फेडरेशनच्या वतीने घटना समितीला देण्यासाठी त्यांनी जे निवेदन सिद्ध केले, ते ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने १९४७ मध्ये छापून आले. म्हणजे दहा मिनिटांत बोललेल्या गोष्टी डोक्यात पक्क्या मुरलेल्या होत्या. हिंदू-मुस्लिम प्रश्नावर तर १९४० मध्येच त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला होता. खासबाग मैदानात एखादा मल्ल निमिषात डाव टाकतो तेव्हा लोक शिट्ट्या मारतात. डाव त्या निमिषात सुचलेला नसतो. तालमीतल्या लाल मातीत पहाटे हजार वेळा तो अंगावरून गेलेला असतो. कोल्हापूरकरांना हे कुस्तीच्या बाबतीत सांगावे लागत नाही, भाषणाच्या बाबतीत मात्र ते ‘उपजत’ म्हणून मोकळे होतात.

या इतिहासात स्त्रिया येत नाहीत, निदान आपण त्यांना येऊ देत नाही. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित वर्गीय महिलांची परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली. हजारोंच्या समुदायापुढे बाया बोलल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये काढले नसते, तर चळवळीतल्या किती बोलणाऱ्या बाया आपण मुक्या ठरवल्या असत्या कुणास ठाऊक. आजही वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात व्यासपीठावर खुर्च्या असतात पुरुषांच्या, आणि बाईच्या वाट्याला येते ते पाहुण्यांचे औक्षण. नळावर, रेशनच्या रांगेत, मुकादमासमोर आयत्या वेळचे भाषण रोज तीच करते.

राहता राहिला प्रश्न आजच्या मुलांचा. शहरात संभाषणकलेचे क्लास निघाले आहेत; फी भरून तिथे हात कसे हलवावेत, डोळ्यांत कसे पाहावे हे शिकवतात. त्याला माझा विरोध नाही. पण आमच्या मुलांची अडचण हातांची नाही. मी घरातला पहिला पदवीधर. पदवीपर्यंत मला शेकडो प्रश्न विचारले गेले, त्यांतला एकही ‘तुझे काय मत’ असा नव्हता. ज्या घरात जेवताना वर्तमानपत्रावर वाद होतो त्या घरचे मूल दहाव्या वर्षी आयत्या वेळचा वक्ता असते. आमच्या घरी दिवसभर राबून आलेली माणसे जेवताना बोलत नाहीत. भर म्हणजे भाषा. व्यासपीठावर चढताच मूल ‘व्हतं’चे ‘होते’ आणि ‘न्हाई’चे ‘नाही’ करण्यात गुंतते, आणि सगळी शक्ती त्या भाषांतरातच खर्ची पडते. विचार तिसऱ्या वाक्याला संपतो असे दिसते. वास्तविक संपलेली असते ती दमछाक झालेली जीभ.

म्हणून शनिवारी तास संपल्यावर आम्ही पंधरा-वीस जण बसतो तेव्हा काही गोष्टी कटाक्षाने पाळतो. घरच्या बोलीत बोलायचे. व्याकरण कुणी कुणाचे सुधारायचे नाही. प्रमाण भाषा लिहिताना शिकू, तिचे वेगळे तास आहेत. प्रत्येकाने आठवडाभरात एक काहीतरी नीट वाचून यायचे, मग ते ग्रामपंचायतीचे जमाखर्चाचे पत्रक का असेना. आधीच्या वक्त्याचे शेवटचे वाक्य जसेच्या तसे म्हटल्याशिवाय आपले सुरू करायचे नाही. ही शेवटची अट तमाशाकडून उसनी घेतली आहे. पहिले दोन महिने फार शांतता असते. कुणी मिनिटभरात खाली बसतो, कुणी हसतो. त्यानंतर सैलावतात.

गेल्या पावसाळ्यात चिठ्ठीवर ‘पाणी’ असा शब्द होता. शिरोळ तालुक्यातला एक मुलगा उठला. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात पाणी आधी कोणत्या गल्लीत शिरले, नाव शेवटी कोणत्या वस्तीकडे वळली, छावणीत पंगती कशा बसल्या, हे तो सांगत गेला. पंचनाम्यात घर ‘अंशतः’ लिहिले आणि ‘पूर्णतः’ लिहिले यात किती रुपयांचे अंतर पडते ते त्याला तोंडपाठ होते, कारण आईबरोबर तलाठ्याकडे तोच हेलपाटे घालत होता. बारा मिनिटे झाली तरी कुणी घड्याळाकडे पाहिले नाही. तो खाली बसला तेव्हा पलीकडच्या बाकावरची मुलगी उठली, त्याचे शेवटचे वाक्य म्हणाली, आणि तिच्या गावातल्या आडाविषयी बोलू लागली.